पक्षातले निम्मे लोक विरोधात, जवळचे साथीदार सोडून गेले. तरी हिप्परग्याच्या या मास्तरांनी काँग्रेस सोडली नाही

धाराशिव जिल्ह्यातल्या लोहारा तालुक्यात हिप्परगा नावाचं गाव आहे. बाहेरच्या माणसाला सांगायचं तर नकाशावर शोधावं लागेल. पण मराठवाड्याच्या राजकारणाचा इतिहास लिहायला बसलं की या गावाला वळसा घालून पुढं जाता येत नाही.

कारण या गावातल्या राष्ट्रीय शाळेत १९२९ मध्ये एक मास्तर आले. नाव, व्यंकटेश भगवानराव खेडगीकर. याच गावात असताना त्यांनी संन्यास घेतला, भगवी वस्त्रं घातली आणि जुनं नाव टाकून दिलं. पुढे निजामाच्या सरकारला घाम फोडणारे, तुरुंगाच्या वाऱ्या करणारे आणि हैदराबाद मुक्तिसंग्रामाचे नेते म्हणून ज्यांचे फोटो आज मराठवाड्यातल्या शाळांमध्ये लागतात, ते स्वामी रामानंद तीर्थ म्हणजे हेच मास्तर.

स्वामीजींचं मुक्तिसंग्रामातलं काम दर १७ सप्टेंबरला सगळ्यांना आठवतं. पण त्यांच्या आयुष्यातली दुसरी लढाई फारशी सांगितली जात नाही. ती निजामाशी नव्हती, स्वतःच्याच पक्षाच्या आत होती. ती निजामाविरुद्धच्या लढाईपेक्षा जास्त वर्षं चालली, आणि तिचा निकाल १७ सप्टेंबरसारखा एका दिवसात लागला नाही.

सुरुवातीपासून बघू.

जन्म ३ ऑक्टोबर १९०३ चा, विजापूर जिल्ह्यातल्या सिंदगीचा. शिक्षण सोलापुरात. गांधीजींच्या असहकाराची लाट आली तेव्हा सरकारी शिक्षण सोडून ते राष्ट्रीय शिक्षणाकडे वळले. पुण्याच्या टिळक महाराष्ट्र विद्यापीठात त्यांनी एम. ए.च्या तोडीचं शिक्षण घेतलं आणि प्रबंध लिहिला तो लोकशाहीच्या वाढीवर. ही गोष्ट लक्षात ठेवा, पुढे कामाला येणार आहे.

नंतर ते कामगार पुढारी ना. म. जोशी यांच्याकडे सचिव म्हणून दिल्लीत राहिले. म्हणजे भगवी वस्त्रं घालायच्या आधीच या माणसाने कामगार संघटना जवळून पाहिली होती. संन्यासी म्हटल्यावर डोळ्यांसमोर जे चित्र येतं, त्यात हे बसत नाही. स्वामीजी तसे कुठल्याच चित्रात नीट बसत नाहीत. देवाधर्माची ओढ पक्की, आर्थिक विचार समाजवादाकडे झुकलेला, आणि शिस्त गांधीजींची.

दिल्लीत आजारपण आलं, तब्येत खचली, आणि पुढे ते हिप्परग्याला आले. ही राष्ट्रीय शाळा असहकाराच्या काळातच सुरू झालेली. निजामाच्या राज्यात उर्दूतून शिक्षण, सभा घ्यायची तर परवानगी, साधं वाचनालय काढायचं तरी सरकारची नजर. अशा वातावरणात एका खेडेगावात मराठीतून शिकवणारी स्वतंत्र शाळा चालवणं हेच मोठं राजकारण होतं. स्वामीजींनी सहा वर्षं तिथं मुलं घडवली.

आणि मग १९३५ मध्ये शाळेच्या चालकांशी मतभेद झाले. स्वामीजी थेट बाहेर पडले. बाबासाहेब परांजपे यांच्यासारख्या सहकाऱ्यांसोबत त्यांनी मोमिनाबाद, म्हणजे आजचं अंबाजोगाई गाठलं आणि तिथं योगेश्वरी शाळेचं काम उभं केलं.

मतभेद झाले तर उठून चालू लागायचं, हे त्यांना जमत होतं. हिप्परग्यात त्यांनी ते करून दाखवलं. म्हणूनच पुढे काँग्रेसमध्ये त्यांनी ते का केलं नाही, हा प्रश्न पडतो.

१९३७ मध्ये परतूरला महाराष्ट्र परिषदेचं पहिलं अधिवेशन झालं आणि पुढच्या वर्षी लातूरला दुसरं. लातूर तेव्हा उस्मानाबाद जिल्ह्यातच होतं, ते वेगळं झालं थेट १९८२ मध्ये. निजामाच्या राज्यात तेलुगू लोकांची आंध्र महासभा, कानडी लोकांची कर्नाटक परिषद आणि मराठी लोकांची महाराष्ट्र परिषद अशा तीन संस्था होत्या. वर्षानुवर्षं अर्ज-विनंत्या करून काही हाती लागत नव्हतं. तेव्हा सगळ्यांना एका छताखाली आणायचं ठरलं आणि १९३८ मध्ये हैदराबाद स्टेट काँग्रेसची घोषणा झाली.

निजाम सरकारने काय केलं? पक्ष नीट उभा राहायच्या आतच ७ सप्टेंबर १९३८ ला त्यावर बंदी घातली.

ऑक्टोबरमध्ये सत्याग्रह सुरू झाला. गोविंदराव नानल पहिल्या तुकडीत, त्यांच्या मागोमाग स्वामीजी. अटक, शिक्षा, तुरुंग. पण त्याच वेळी आर्य समाज आणि हिंदू महासभा यांचेही सत्याग्रह चालू होते. सगळे एकत्र मिसळले तर हा हिंदू-मुसलमान झगडा आहे असं निजाम सरकारला म्हणता येईल, हा धोका होता. गांधीजींच्या सल्ल्यावरून डिसेंबरमध्ये स्टेट काँग्रेसने सत्याग्रह थांबवला.

इथून पक्षातली फूट दिसायला लागते.

एका बाजूला बुर्गुला रामकृष्ण राव, काशिनाथराव वैद्य यांच्यासारखी मंडळी. वकील, शिकलेली, हैदराबाद शहरात वजन असलेली. त्यांचं म्हणणं साधारण असं, की सरकारशी बोलत राहावं, जे सुधारणांचे तुकडे मिळतील ते घ्यावेत, हवं तर पक्षाचं नावही बदलावं आणि बंदी उठवून घ्यावी. यांना लोक मवाळ म्हणायचे.

दुसऱ्या बाजूला स्वामीजी आणि त्यांच्याभोवती जमलेली तरुण पोरं. या पोरांमध्ये सगळ्यात पुढे गोविंदभाई श्रॉफ. कलकत्त्याहून एम. एस्सी. करून आलेले, मार्क्सवाद वाचलेले, डोकं एकदम थंड. यांचं म्हणणं, की जबाबदार राज्यपद्धती सोडून दुसरं काही नको, आणि नुसता निजाम जाऊन भागणार नाही, जहागीरदार आणि देशमुखांच्या जमिनींचं काय तेही बोला.

त्यात आंध्र महासभेत कम्युनिस्ट घुसले होते. तिकडे तेलंगणात जमिनीसाठी सशस्त्र लढा उभा राहत होता. काही काळ त्यांच्याशी जुळवून घ्यायचा प्रयत्न झाला, नंतर रस्ते वेगळे झाले.

आता जरा थांबून विचार करा. एकच पक्ष आणि त्यात सनातनी वकील, सर्वोदयी, समाजवादी, मार्क्सवादी, शिवाय तीन भाषांचे लोक. ही मोट बांधणार कोण? तर एक संन्यासी, ज्याला स्वतःसाठी पद नको होतं. भगव्या कपड्यांमुळे खेड्यातला शेतकरी त्यांना मानायचा आणि कामगार चळवळीतून आल्यामुळे डावी पोरं त्यांचं ऐकायची.

आठ वर्षांनी, १९४६ मध्ये बंदी उठली. पक्ष उघडपणे कामाला लागला आणि अध्यक्ष निवडायची वेळ आली. स्वामीजी विरुद्ध बुर्गुला असा थेट सामना झाला. स्वामीजी जिंकले, पण हाताच्या बोटांवर मोजता येतील एवढ्याच मतांनी.

म्हणजे निम्मा पक्ष त्यांच्या विरोधात होता. वर भारत स्वतंत्र होण्याच्या बेतात आणि निजाम स्वतंत्र राहण्याच्या हट्टात. जून १९४७ मध्ये हैदराबादेत मुशिराबादला अधिवेशन भरलं आणि भारतात विलीन व्हा अशी मागणी पुढे ठेवून लढ्याची तयारी सुरू झाली. कृती समिती नेमली गेली. दिगंबरराव बिंदू तिचे प्रमुख आणि गोविंदभाई तिच्या कामाचा कणा. १५ ऑगस्ट १९४७ ला देश झेंडे फडकवत होता तेव्हा स्वामीजी अटकेत होते. नोव्हेंबरअखेर निजाम आणि भारत सरकार यांच्यात जैसे थे करार झाला तेव्हा ते सुटले, आणि जानेवारी १९४८ मध्ये पुन्हा आत गेले.

बाहेर सोलापूर, नगर, बुलढाण्याच्या सरहद्दीवर तरुणांचे कॅम्प चालू होते, आत रझाकारांचा धुमाकूळ. शेवटी १३ सप्टेंबर १९४८ ला भारतीय फौज सोलापूरकडून घुसली आणि पहिल्याच दिवशी तुळजापूर तालुक्यातलं नळदुर्ग तिच्या हाती आलं. १७ तारखेला निजामाने हत्यारं खाली ठेवली.

यानंतरचे काही आठवडे उस्मानाबाद जिल्ह्यासाठी वाईट गेले. रझाकारांनी जे केलं त्याचा सूड निरपराध मुसलमानांवर निघाला. नेहरूंनी पंडित सुंदरलाल यांची समिती पाठवली, तिने सगळ्यात जास्त झळ बसलेल्या चार जिल्ह्यांत उस्मानाबादचं नाव घेतलं. १९३८ मध्ये ज्या पक्षाने आपला लढा धर्माचा वाटू नये म्हणून भरात आलेला सत्याग्रह मागे घेतला होता, त्याच्या डोळ्यांदेखत हे घडलं.

निजाम गेला. आणि ज्याच्या विरोधात सगळे एकत्र आले होते तोच गेल्यावर एकत्र राहायचं कशासाठी, हा प्रश्न उभा राहिला.

हा प्रश्न तेव्हा नुसत्या हैदराबादचा नव्हता. स्वातंत्र्याआधीची काँग्रेस म्हणजे पक्ष कमी आणि धर्मशाळा जास्त. १९३४ पासून काँग्रेस समाजवादी पक्ष काँग्रेसच्या आतच नांदत होता. पण १९४८ मध्ये काँग्रेसने घटना बदलली आणि स्वतःची वेगळी घटना, वेगळं सभासदत्व असलेल्या गटांना पक्षात जागा नाही असं ठरवलं. समाजवादी नाशिकच्या अधिवेशनात बाहेर पडले. त्याच सुमारास महाराष्ट्रात केशवराव जेधे, शंकरराव मोरे यांनी काँग्रेस सोडली आणि शेतकरी कामगार पक्ष उभा राहिला.

योगायोग बघा, त्याच १९४८ मध्ये अमेरिकेतही हेच चालू होतं. डेमोक्रॅटिक पक्षात उत्तरेकडचे कामगार नेते आणि काळे मतदार होते, आणि काळ्यांना समान हक्क द्यायला कडाडून विरोध करणारे दक्षिणेचे गोरे पुढारीही त्याच पक्षात. फिलाडेल्फियाच्या अधिवेशनात पक्षाने नागरी हक्कांच्या बाजूने ठराव केला, तेव्हा दक्षिणेचे काही प्रतिनिधी उठून गेले. त्यांनी स्ट्रॉम थर्मंड यांना वेगळा उमेदवार म्हणून उभं केलं आणि चार राज्यं जिंकली. पण गंमत म्हणजे हे बहुतेक पुढारी नंतर डेमोक्रॅटिक पक्षातच राहिले. थर्मंड स्वतः रिपब्लिकन झाले ते १९६४ मध्ये. तिकडे उमेदवार पक्षाचं मुख्यालय ठरवत नाही, प्राथमिक निवडणुकीत मतदार ठरवतात. त्यामुळे पक्षाविरोधात मत दिलं तरी तिकीट कापलं जाईल ही भीती तशी कमी.

आपल्याकडे तिकीट वरून येतं. तेव्हा पक्षांतरबंदी कायदा नव्हता, तो आला १९८५ मध्ये. पक्षात राहायची कायद्याची सक्ती नव्हती, पण वरच्यांशी वाकडं घेतलं तर अंधारात जायची भीती मात्र होती.

हैदराबादेत दिल्लीचा कल हळूहळू मवाळांकडे गेला. दिल्लीचं गणित सरळ होतं. तेलंगणात कम्युनिस्टांचा लढा पेटलेला आणि स्वामीजींच्या भोवती मार्क्सवाद बोलणारी पोरं. वल्लभभाई पटेलांना ही पोरं काँग्रेसची कमी आणि कम्युनिस्टांची जास्त वाटली असतील तर नवल नाही. जून १९५० मध्ये वेल्लोडी सरकारात काँग्रेसचे मंत्री घेतले, त्यात बुर्गुला होते.

१९५० च्या सुमारास गोविंदभाई आणि त्यांच्या साथीदारांनी काँग्रेस सोडली आणि लीग ऑफ सोशलिस्ट वर्कर्स नावाची वेगळी संघटना काढली.

हा घाव मोठा होता. गोविंदभाई म्हणजे स्वामीजींचे नुसते कार्यकर्ते नव्हते. स्वामीजी तुरुंगात असताना बाहेरचा लढा ज्यांच्या भरवशावर चालला, ते हे. विचारांनीही स्वामीजी बुर्गुलांपेक्षा गोविंदभाईंच्या जवळचे. सगळ्यांना वाटलं असणार, की हिप्परग्याची शाळा सोडणारे स्वामीजी आता काँग्रेसही सोडतील.

त्यांनी सोडली नाही.

का? निष्ठा, गांधीजींचा वारसा ही उत्तरं बरोबर आहेत, पण अर्धीच. त्यांच्या पुढच्या दहा वर्षांच्या वागण्यातून जास्त पटणारं उत्तर मिळतं. त्यांच्यासमोर एक काम अजून शिल्लक होतं, आणि ते सत्तेतल्या पक्षाच्या आत राहूनच होणार होतं. ते काम म्हणजे हैदराबाद राज्याचे भाषेप्रमाणे तीन तुकडे करून मराठवाडा महाराष्ट्रात, तेलंगणा आंध्रात आणि कानडी भाग कर्नाटकात घालणं.

आणि इथं गंमत आहे. या मुद्द्यावर त्यांच्या विरोधात होते ते खुद्द जवाहरलाल नेहरू. हैदराबाद ही वेगवेगळ्या भाषा आणि धर्मांची एकत्र नांदणारी संस्कृती आहे, ती मोडू नये, असं नेहरूंना वाटायचं. स्वामीजींचं म्हणणं उलट होतं. निजामाने एकत्र ठेवलेलं राज्य हे लोकांचं राज्य नव्हतं, लोकांना आपल्या भाषेत कारभार मिळाला तरच लोकशाही रुजेल. टिळक विद्यापीठातला तो लोकशाहीवरचा प्रबंध असा इतक्या वर्षांनी कामाला आला.

१९५२ ची पहिली निवडणूक झाली. हैदराबाद विधानसभेच्या १७५ जागांपैकी काँग्रेसला ९३ मिळाल्या. मुख्यमंत्री झाले बुर्गुला. स्वामीजी गुलबर्ग्यातून लोकसभेवर गेले. ज्यांना अध्यक्षपदाच्या निवडणुकीत हरवलं तेच राज्याचे प्रमुख झाले, आणि स्वामीजींनी तेही पचवलं. मंत्रिपद त्यांनी आयुष्यात घेतलं नाही.

तिकडे उस्मानाबादेत वेगळंच चित्र होतं. याच जिल्ह्यातले, मुक्तिसंग्रामात उतरलेले तरुण वकील उद्धवराव पाटील यांनी काँग्रेसऐवजी शेतकरी कामगार पक्ष धरला. त्यांची निष्ठाही बघण्यासारखी. १९५४ मध्ये जेधे आणि मोरे हे पक्षाचे संस्थापकच काँग्रेसमध्ये परतले. पुढे यशवंतराव चव्हाणांच्या बेरजेच्या राजकारणात शेकापचे कितीतरी लोक काँग्रेसवासी झाले. भाई उद्धवराव हलले नाहीत. विधानसभेत विरोधी पक्षनेते झाले, १९७७ मध्ये लातूरचे खासदार झाले आणि शेवटपर्यंत लाल बावट्याखालीच राहिले. एकाच जिल्ह्याच्या मातीशी जोडलेली ही दोन माणसं. एक सत्तेच्या पक्षात राहून नेहरूंशी मतभेद ठेवणारा, दुसरा छोट्या पक्षात राहून सत्तेचं आमंत्रण न घेणारा.

जानेवारी १९५३ मध्ये काँग्रेसचं अखिल भारतीय अधिवेशन हैदराबादला भरलं. अधिवेशनाच्या जागेला नाव दिलं होतं नानलनगर, म्हणजे १९३८ च्या त्या पहिल्या सत्याग्रही गोविंदराव नानलांचं. नेहरू अध्यक्ष होते. भाषावार प्रांतांबद्दल पक्षाची भूमिका तेव्हा सबुरीची होती. स्वामीजींनी ती मान्य असल्याचं दाखवलं नाही, आणि पक्षही मोडला नाही. ते त्रिभाजनाची बाजू उघडपणे मांडत राहिले. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये नागपूर करार झाला, मराठवाड्याच्या बाजूने सही करणाऱ्यांत देवीसिंग चौहान होते.

सप्टेंबर १९५५ मध्ये फाझल अली आयोगाचा अहवाल आला. त्यात मराठवाडा मुंबईच्या द्वैभाषिकात आणि विदर्भ वेगळा. म्हणजे मागणी मान्य झाली पण अर्धीमुर्धी. महाराष्ट्र पेटला. अर्थमंत्री चिंतामणराव देशमुखांनी मुंबईच्या प्रश्नावर केंद्रातलं मंत्रिपद सोडलं. काँग्रेसमध्ये राहणं हे त्या काळात मराठी माणसाच्या नजरेत जवळजवळ पाप झालं होतं. स्वामीजी तरीही काँग्रेसमध्येच. टीका झाली नसती तरच नवल.

१ नोव्हेंबर १९५६ ला हैदराबाद राज्य नकाशावरून गेलं. उस्मानाबादसह मराठवाड्याचे पाच जिल्हे मुंबई राज्यात आले, तेलंगणा आंध्रात, कानडी जिल्हे म्हैसूरमध्ये. स्वामीजींनी मागितलं तसंच. बुर्गुलांची मुख्यमंत्र्यांची खुर्ची राज्याबरोबरच गेली.

१९५७ मध्ये पश्चिम महाराष्ट्रात संयुक्त महाराष्ट्र समितीने काँग्रेसला झोडपलं. स्वामीजी औरंगाबादेतून काँग्रेसचे खासदार झाले. १ मे १९६० ला महाराष्ट्र झाला. १९६२ मध्ये त्यांची खासदारकीची मुदत संपली आणि ते निवडणुकीच्या राजकारणातून बाजूला झाले. काम संपलं होतं.

पण हिशेब इतका सरळ नाही. राज्य मिळालं, मात्र ज्या जमिनीच्या आणि विकासाच्या प्रश्नांसाठी डावी पोरं त्यांच्याभोवती जमली होती, ते प्रश्न तसेच राहिले. मराठवाडा महाराष्ट्रात आला तोही मागास म्हणूनच. १९७४ मध्ये मराठवाडा विकासाचं आंदोलन पेटलं, आणि पुढची कित्येक वर्षं रेल्वेच्या रुंद मार्गासाठी, पाण्यासाठी, अनुशेषासाठी भांडत राहिले ते गोविंदभाई. पक्षाबाहेरून.

आत राहिलेल्यांपैकी काही फार वर गेले. स्वामीजींना गुरू मानणारे शंकरराव चव्हाण दोनदा महाराष्ट्राचे मुख्यमंत्री झाले. तेलंगणातला असाच एक शिष्य, पी. व्ही. नरसिंह राव, १९९१ मध्ये देशाचा पंतप्रधान झाला.

१९६७ मध्ये स्वामीजींनी मुक्तिसंग्रामाच्या आठवणी इंग्रजीतून छापल्या. २२ जानेवारी १९७२ ला ते वारले, हैदराबादेत. ज्या मराठवाड्याला त्यांनी त्या शहरापासून तोडून महाराष्ट्रात आणलं, तिथं ते स्वतः राहायला आले नाहीत. त्यांची समाधी हैदराबादच्या बेगमपेठेत आहे, विद्यापीठ नांदेडला आणि वैद्यकीय महाविद्यालय अंबाजोगाईला.